दुःख झालेल्या घराला मदत कशी करावी: पहिल्या तासापासून वर्षश्राद्धापर्यंत

कुणी गेल्याची बातमी कळली की आपण धावत जातो, दारात उभे राहतो आणि निघताना म्हणतो, "काही लागलं तर सांगा." मनापासूनच म्हणतो. पण ज्याचं माणूस गेलंय त्याला काय लागणार आहे याची यादी करता येत नाही. सुचलं तरी तो फोन करून मागत नाही. चाळीस जण हेच वाक्य बोलून जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात दूध नसतं.

म्हणून या लेखातला नियम एकच: विचारू नका. एक ठरावीक काम उचला, ते कधी करणार ते सांगा आणि त्या वेळेला करा. "उद्या सकाळी सातला दोन लिटर दूध आणि पाव आणून ठेवतो" हे बोलणं खऱ्या आधाराचं आहे. पुढचं सगळं शेजारी, मित्र, सोसायटीतली आणि वाडीतली माणसं यांच्यासाठी आहे.

पहिला तास

मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र (नमुना ४) रुग्णालयच देतं. तिथे गेलेल्या माणसाचं आधार कार्ड लागतं. ते घरून घेऊन जाणं हे तुम्ही उचलण्यासारखं पहिलं काम. प्रमाणपत्रावर नाव लिहिण्याआधी आधारवरचं स्पेलिंग लिहिणाऱ्याला दाखवा. इथे झालेली एका अक्षराची चूक पुढे बँक, विमा आणि पेन्शन अशा तिन्ही ठिकाणी आडवी येते. बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवण्याचा अधिकार रुग्णालयाला नाही. घरचे लोक हे बोलण्याच्या अवस्थेत नसतात, तुम्ही शांतपणे बोला.

घरी मृत्यू झाला असेल तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बोलवा. तेच नमुना ४अ देतात आणि त्याशिवाय शहरात स्मशानाचा पास मिळत नाही. अनोळखी डॉक्टर सही करायला कचरतात आणि ते बरोबरच आहे, म्हणून आजारपणाची फाइल आणि शेवटचं प्रिस्क्रिप्शन हाताशी ठेवा. अपघात, पडणं, भाजणं, विजेचा धक्का, सर्पदंश, विषबाधा किंवा आत्महत्या असेल तर मात्र पोलिसांना कळवावंच लागतं (११२). शवविच्छेदन टाळण्याची खटपट करू नका आणि दुसऱ्या कुणालाही करू देऊ नका. दयाबुद्धीने केलेली ही खटपट घरच्यांना फार महागात पडते, कारण अपघात विम्याचा दावा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालावरच उभा असतो.

नेत्रदानाचा विषय काढायचा तर याच तासात काढावा लागतो, कारण डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. विचारायचं एकदाच, घरातल्या निर्णय घेणाऱ्या माणसाला बाजूला घेऊन: "त्यांची नेत्रदानाची इच्छा होती का?" नाही म्हणाले तर तिथेच थांबा. हो म्हणाले तर १९१९ या क्रमांकावर किंवा जवळच्या नेत्रपेढीला फोन करा. टीम येईपर्यंत पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच करा, पंखा बंद करा. एसी असेल तर चालू ठेवा. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, वय ८५ होतं, यातल्या कशाचीच अडचण नाही. सगळं काम १५ ते २० मिनिटांत होतं आणि चेहरा विद्रूप होत नाही. घरच्यांना सर्वांत मोठी भीती याचीच असते, म्हणून हे आधीच सांगा.

कामं वाटून घ्या, एकाने सूत्रं हातात घ्या

गर्दी असते, पण काम होत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केलं असेल. फार जवळचा नाही पण घराची माहिती आहे असा एक माणूस (बहुधा शेजारी किंवा चुलतभाऊ) मुख्य ठरवा. कामांची साधारण वाटणी अशी:

१. फोन. एकाच माणसाने निरोप द्यायचे. निरोपात नाव, अंत्ययात्रेची वेळ, स्मशानाचं नाव आणि "घरच्यांना फोन करू नये, चौकशीसाठी हा क्रमांक" एवढंच. मृतदेहाचा फोटो कुठल्याही ग्रुपवर जाता कामा नये. परगावी असलेल्या मुलाला किंवा मुलीला मात्र निरोपातून कळू देऊ नका. त्यांच्याजवळ आधी एखादा मित्र पोहोचवा, मग फोन करा.

२. स्मशान आणि गाडी. पास, शववाहिका, सामान, गुरुजी किंवा त्या त्या धर्मातले विधी करणारे. लांबून कुणी येणार असेल तर बर्फ किंवा शवपेटी.

३. घर. अंत्ययात्रा निघाल्यावर घर रिकामं राहणार नाही याची जबाबदारी. वर्तमानपत्रात किंवा संदेशात घराचा पूर्ण पत्ता आणि वेळ दोन्ही दिली की चोरीला आमंत्रण मिळतं. अंगावरचे दागिने दोघांच्या समोर उतरवून, मोजून, लिहून घरातल्या एकाच व्यक्तीच्या हातात द्या.

४. मुलं आणि वृद्ध. याबद्दल पुढे.

५. पैसे. एक वही घ्या. कोणी किती दिले, कुठे किती गेले, प्रत्येक ओळीत तारीख. दारात शववाहिकेच्या भाड्यावरून घासाघीस होणं हे त्या घराला आयुष्यभर लक्षात राहतं. तुम्ही देऊन टाका, नोंद करा. तेराव्यानंतर वही आणि उरलेली रक्कम घरच्यांच्या हवाली करा.

पैशांची मदत करायची असेल तर पाकीट घर चालवणाऱ्या बाईच्या हातात द्या, चारचौघांत नको. परत हवे असतील तर तसं स्पष्ट सांगा, नको असतील तर तेही सांगा. "बघू नंतर" म्हणून दिलेल्या पैशांचं ओझं फार असतं. आणि दहाव्या-तेराव्याच्या जेवणासाठी कर्ज काढायला कुणी भाग पाडत असेल, तर साधं जेवण पुरेसं आहे हे भावकीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याच्या तोंडून वदवून घ्या. घरचे स्वतः तसं म्हणू शकत नाहीत, तुम्ही त्या वडीलधाऱ्याला आदल्या दिवशी भेटू शकता.

स्मशानातली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर दहनाआधी तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो, नाहीतर दहनात तो फुटतो. पास काढणाऱ्याने हे आधी विचारावं. तसंच घरातल्या बायकांना स्मशानात यायचं आहे का, हेही विचारा. गृहीत धरू नका, कुठल्याच बाजूने.

जेवण

बहुतेक मराठी हिंदू घरांत पहिले काही दिवस चूल पेटत नाही. शेजारचं किंवा सोयऱ्यांचं पिठलं-भात येतं. मुस्लिम घरातही पहिले तीन दिवस शेजारी-नातलग जेवण पाठवतात. तुमच्या घरची रीत त्यांच्या घरी लावू नका. कुठे फोडणी चालत नाही, कुठे हळद, तर तळण आणि गोड बहुतेक ठिकाणी नसतं. घरातल्या एखाद्या काकूंना एकदा विचारलं की काम होतं.

१५ माणसांचा अंदाज: सव्वा किलो तांदूळ, अर्धा किलो तूरडाळ, पिठल्यासाठी अर्धा किलो बेसन आणि अडीच लिटर पाणी. पिठलं गार होताना घट्ट होतं, म्हणून नेहमीपेक्षा पातळ ठेवा. पोळ्या करणार असाल तर एक किलो कणकेच्या साधारण ३० होतात, ज्वारीच्या पिठाच्या भाकरी १२ ते १४. चहा २५ कपांचा: दीड लिटर दूध, एक लिटर पाणी, २०० ग्रॅम साखर, ७० ग्रॅम चहा पावडर, शिवाय मधुमेह्यांसाठी बिनसाखरेचा वेगळा थर्मास. मुलं आणि म्हाताऱ्यांसाठी समान तांदूळ आणि मूगडाळ घेऊन मऊ खिचडी वेगळी ठेवा, कारण रडून घसा सुजलेल्या माणसाला कोरडी पोळी गिळवत नाही.

बिघडतं ते स्वयंपाकात नाही, नियोजनात. दुसऱ्या दिवशी पाच घरांतून पाच पातेली येतात, सहाव्या दिवशी एकही नाही. कागदावर तारखा लिहा आणि प्रत्येक जेवणापुढे एकच नाव. पहिले तीन दिवस दोन्ही वेळचं पूर्ण जेवण, चौथ्यापासून दहाव्यापर्यंत एक वेळचं जेवण आणि रोजचं दूध, अकरावा ते तेरावा घरच्यांच्या विधींप्रमाणे. परत करावी लागणार नाहीत अशी भांडी वापरा किंवा तळाशी चिकटपट्टीवर नाव लिहा; कोणाचं पातेलं कोणतं याचा हिशेब त्या घराने का ठेवावा? जेवण द्यायला गेल्यावर बसू नका. वाढून द्या, जेवायला बसवा, भांडी घासून ठेवा. निघण्याआधी कचरा उचला आणि पिण्याचं पाणी भरलंय का ते पाहा.

क्रियाकर्म करणारा एकभुक्त राहतो, म्हणजे दिवसातून एकदाच जेवतो. त्याला मधुमेह असेल आणि तो इन्सुलिन किंवा गोळ्या घेत असेल, तर उपासाने साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर लगेच साखरपाणी द्या. खरं तर पहिल्याच दिवशी त्याच्या डॉक्टरांना फोन करून डोस विचारून घ्यावा.

भेटायला जाताना

दहा-पंधरा मिनिटं पुरेत. अशा घरी चहाची अपेक्षा नसते, निघताना "येतो" म्हणत नाहीत. गुपचूप उठून निघालेलं चालतं. जे बोलायचं ते थोडं, आणि गेलेल्या माणसाबद्दल बोला, त्याचं नाव घेऊन. "अण्णांनी मला गणित शिकवलं होतं" हे वाक्य घरच्यांना हवं असतं.

"कसं झालं?" हा प्रश्न प्रत्येक येणारा विचारतो आणि ती बाई तीच हकिगत तिसाव्यांदा सांगते. हे थांबवता येतं: दाराशी एक माणूस बसवा, त्याने येणाऱ्यांना दोन वाक्यांत सांगावं आणि आत विचारू नका म्हणावं. मृत्यूचं कारण घरच्यांना सांगायचं नसेल तर दारातल्या माणसानेही सांगायचं नाही. आत्महत्या झालेल्या घरी लोक जायचंच टाळतात, कारण काय बोलावं कळत नाही. तिथे जाणं जास्त गरजेचं आहे. कारण शोधू नका, चिठ्ठीची चौकशी करू नका, फक्त बसा.

"देवाला चांगली माणसं आवडतात", "सुटले बिचारे", "अजून मूल होईल", "आता तूच खंबीर व्हायला हवंस" ही वाक्यं घरीच ठेवून या. शेवटचं वाक्य सर्वांत जड आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला "आता तू घरातला पुरुष" म्हटलं की त्याला रडायची परवानगी संपते.

नवरा गेला असेल तर

कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे सगळं अजूनही होतं, आणि ते करणाऱ्या बहुतेक वेळा घरातल्याच मोठ्या बायका असतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून ही प्रथा बंद केली आणि त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवण्याचं आवाहन केलं. म्हणजे तुम्ही विरोध केलात तर एकटे नाही आहात.

पण ऐन वेळी, रडारडीत, कुणी भाषण करून उपयोग होत नाही. अंत्ययात्रेच्या आधी दोघी-तिघींनी सासूबाईंना किंवा थोरल्या जाऊबाईंना बाजूला घ्यावं आणि हळू आवाजात सांगावं, "तिला जे ठेवायचं ते राहू दे, मुलं बघतायत." त्या बाईलाही एका वाक्यात विचारा की तिला काय हवंय. तिला स्वतःहून काही काढायचं असेल तर तो तिचा निर्णय. मग विधीच्या वेळी तिच्या दोन्ही बाजूंना दोघी बसा आणि कुणी हात पुढे केला तर "नको" तुम्ही म्हणा. हे तिला म्हणायला लावू नका. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावताना तिच्या दारी स्वतः जा. निरोप पाठवला तर ती येणार नाही.

आणखी एक धोका कागदांचा. पहिल्या महिन्यात "फक्त इथे सही कर" म्हणत कुणी ना कुणी येतं. कोऱ्या कागदावर सही नाही, हक्कसोडपत्रावर (मालमत्तेतला आपला वाटा सोडल्याचा कागद) तर मुळीच नाही, हे तिला सांगणारं माणूस बनून राहा. "वर्षभर मी कशावरच सही करणार नाही, वकिलांना दाखवून मग बघू" हे वाक्य तिला पाठ करून द्या.

मुलं आणि म्हातारी माणसं

लहान मुलाला "बाबा झोपलेत" किंवा "देवाघरी फिरायला गेलेत" सांगू नका. पहिल्याने त्याला झोपेची भीती बसते, दुसऱ्याने ते वाट बघत राहतं. "बाबांचं शरीर थांबलं, ते मेले, ते परत येणार नाहीत, आणि हे तुझ्यामुळे झालं नाही." शेवटचा भाग सांगाच, मुलं मनातल्या मनात स्वतःला दोष देतात. पाच-सहा वर्षांचं मूल हाच प्रश्न महिनाभर विचारेल. तेच उत्तर द्या. एक ओळखीचा माणूस त्याच्या अंघोळीला, जेवणाला, झोपायला हजर हवा, रोज नवा काका नको. शाळेत वर्गशिक्षकांना कळवा आणि परत शाळेत जाण्याच्या पहिल्या दिवशी गेटपर्यंत सोबत जा.

आजी-आजोबांच्या गोळ्या या गर्दीत हमखास चुकतात. डबा तपासा, वेळा मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा, संपत आल्या असतील तर आजच आणा. मूल गमावलेल्या म्हाताऱ्या आईबापांकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. सगळे सुनेकडे आणि नातवंडांकडे बघतात. त्यांच्याजवळ बसण्यासाठी वेगळा माणूस ठेवा.

कागदपत्रं: इथे मदत फार लागते

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. रुग्णालयातला मृत्यू रुग्णालय कळवतं, घरचा मात्र आपणच महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत कळवायचा. ३० दिवस उलटले की वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या.

गेलेल्या माणसाचा मोबाइल क्रमांक बंद करू नका. वर्षभर रिचार्ज करत राहा. सगळे ओटीपी त्यावरच येतात आणि हा क्रमांक बंद पडल्याने कामं महिनोन्‌महिने अडतात. एटीएम कार्डाने पैसे काढणं मात्र थांबवा, बँकेला कळवा. नॉमिनीला बँक पैसे देते, पण तो ते वारसांच्या वतीने स्वीकारतो, हे घरात आधीच स्पष्ट झालं तर पुढची भांडणं टळतात.

पासबुकात मागची दोन वर्षं पाहा. ४३६ रुपयांची वजावट दिसली तर प्रधानमंत्री जीवनज्योती विमा आहे, २० रुपयांची दिसली तर सुरक्षा विमा (अपघाती मृत्यूसाठी). दोन्हींची रक्कम २ लाख. घरच्यांना याची कल्पनाही नसते आणि दावा केलाच जात नाही. पीएफ कापला जात असेल तर पीएफ आणि पेन्शनबरोबर कर्मचारी ठेव संलग्न विमाही मिळतो, कमाल ७ लाख रुपये. कर्ता माणूस १८ ते ५९ वयाचा होता आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार मिळतात. त्याची आणि संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसील कार्यालयात होते. शेती असेल तर वारस नोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे अर्ज द्या. शेतकरी अपघातात गेला असेल तर गोपीनाथ मुंडे योजनेसाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांना लगेच भेटा.

तुम्ही अर्ज भरा, झेरॉक्स काढा, रांगेत आधी जाऊन उभे राहा. सहीपुरतं त्यांना बोलवा. मात्र मूळ कागद आणि पासवर्ड तुमच्याकडे ठेवू नका. विश्वास कितीही असो, कागद त्यांच्याच कपाटात.

चौदाव्या दिवसापासून

तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी सोयरे गाड्यांत बसतात आणि खरा काळ सुरू होतो. आपली बहुतेक मदत नेमकी इथे संपते, म्हणून तुमच्याकडे वेळ कमी असेल तर पहिले तेरा दिवस सोडा आणि पुढचे तीन महिने घ्या.

फोनच्या कॅलेंडरमध्ये आजच नोंदी करा: चौदावा दिवस, महिना, गेलेल्या माणसाचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिली दिवाळी, वर्षश्राद्ध. पहिल्या वर्षी त्या घरी फराळ होत नाही, तो आपण न्यायचा. मुलांसाठी किल्ल्याची माती आणि पणत्याही न्या, आईला विचारून. आठवड्यातून दोनदा डबा, महिनाभर. संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ सर्वांत कठीण जाते, तेव्हा फोन करा किंवा डोकावा. "कधीतरी ये" नको. "गुरुवारी साडेपाचला मंडईत चाललेय, तुला खालून हाक मारते" असं म्हणा. नाही म्हणाली तर पुढच्या गुरुवारी पुन्हा हाक मारा, रागावू नका. बिलं भरणं, गॅस लावणं, गाडी सर्व्हिसिंगला नेणं अशी जी कामं गेलेला माणूस करायचा ती पहिल्या वेळी सोबत करा आणि दुसऱ्या वेळी तिला करू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा.

रडणं, विसरणं, अचानक चिडणं हे महिनोन्‌महिने चालतं आणि त्यात आजार काही नाही. पण आठवडे उलटले तरी जेवण आणि झोप नाही, दारू वाढली, वस्तू वाटून टाकणं सुरू झालं किंवा "मलाही जायचंय" असं बोलणं आलं, तर थेट विचारा: "जीव द्यायचे विचार येतायत का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका. घरातलं कीटकनाशक, गोळ्यांचा साठा आणि दोर हलवा आणि एका जवळच्या नातेवाइकाला लगेच बोलवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं. फोन तुम्ही लावा, स्पीकरवर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाताना रिक्षात शेजारी बसा.